आपल्या पायाखालचा अग्नी

ज्वालामुखी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दूरदेशीची चित्रे उभी राहतात. इटलीतील व्हेसुव्हियस आणि एटना, जपानचा फुजी, फिलिपाईन्सचा मेयॉन ही नावे आपण शाळेत पाठ केलेली असतात. भारतापुरते बोलायचे, तर अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट हा आपल्या देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी. आणि त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही. त्यामुळे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील धर्मग्रामांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना, अग्नीच्या शेजारी संसार थाटणाऱ्या माणसांचा इतिहास हा दुसऱ्याच कुणाचा इतिहास वाटला, तर त्यात नवल नाही.

हा समज खरा नाही, एवढेच आम्हांला या लेखात दाखवायचे आहे. जगातील अतिप्रचंड अशा लाव्हाप्रवाहांपैकी एकाच्या पाठीवर आपली घरे, आपल्या शाळा आणि आपली चर्चेस उभी आहेत. तो अग्नी केव्हाच विझला. परंतु त्याने घडविलेल्या दगडातच येथील प्रत्येक समाजाने आपली श्रद्धा कोरून ठेवली आहे. "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना अधूनमधून विचारला जातो. गोवा, मंगळूर, केरळ, वसई, अहमदनगर अशा नाना ठिकाणांहून नोकरीधंद्यानिमित्त येथे आलेल्या कुटुंबांना तर तो अधिकच सलतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण ज्या भूमीवर उभे आहोत, तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पायऱ्यांचा देश

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. चित्रात दिसतो तसा टोकदार शंकूचा पर्वत, त्याच्या माथ्यावर विवर आणि त्यातून उसळणारी ज्वाळा, असे येथे सर्वत्र झाले नाही. भेगांतून रस वाहत राहिला, पसरला, थंड झाला; मग त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर साचत गेले. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे आणि सह्याद्रीच्या परिसरात त्याची जाडी दीड ते दोन किलोमीटरपर्यंत जाते. पायरीला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून या खडकांना 'ट्रॅप' असे नाव पडले. माळशेज किंवा बोरघाटाकडे दुरून पाहिले, की डोंगरांच्या अंगावरील त्या पायऱ्या कोणालाही दिसतात.

ठाणे-कल्याणच्या रहिवाशाला मात्र घाटापर्यंत जाण्याचेही कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली. पुढे १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत गेली. तेव्हा खाडी ओलांडल्यावर रेल्वेपुढे जो अडसर उभा राहिला, तो मुंब्रा-पारसिकचा डोंगर, म्हणजे याच लाव्ह्याची भिंत. १९१६ साली पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि त्यानंतर अनेक दशके डोंबिवली-कल्याणच्या जलद गाड्या त्यातून धावल्या. दारात लोंबकळत, घामाने निथळत, डबा सांभाळीत जाणारे आपले हजारो बांधव रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी एका विझलेल्या अग्निप्रवाहाच्या पोटातून ये-जा करीत होते. कामावर वेळेवर पोहोचण्याच्या चिंतेत त्याचे भान कोणाला राहणार?

कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड दिसतो. लाव्ह्याचे थर ऊनपावसाने झिजून गेले आणि मधला कठीण भाग सुळक्यासारखा उरला, तो हा गड. त्याच्या अंगावर हाजी मलंग यांचे स्थान आहे आणि हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक तेथे चढून जातात. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. परंतु पनवेलपासून उत्तरेकडे आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या एका पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आढळतात. जणू कोणी जाडजूड ग्रंथाची पाने एका कडेने वाकवावीत. भूशास्त्रज्ञ ऑडेन यांनी १९४९ साली या वाकाची चर्चा केली, आणि 'पनवेलचा वाक' या अर्थाच्या नावाने तो शास्त्रात ओळखला जातो. या वाकाजवळ खडक तडकलेले आहेत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे वज्रेश्वरीच्या वाटेवर तिचा उपयोग होणार आहे.

दगडात कोरलेली वस्ती

अशा भूमीवर माणूस आला, तेव्हा त्याला लाकूड, पाणी आणि भाताची खाचरे तर मिळालीच. पण सर्वांत टिकाऊ अशी जी वस्तू मिळाली, ती हा काळा पाषाण. साष्टी बेटावरील कान्हेरीच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी या खडकात शंभरांहून अधिक लेणी खोदली. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे वारंवार येतात. त्या काळी कल्याण हे मोठे बंदर होते. उल्हास नदीच्या खाडीतून जहाजे येत-जात. आणि नफ्याचा एक वाटा डोंगरातील भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदण्यास, विहार कोरण्यास खर्च होई.

याच कल्याण बंदराशी आपल्या समाजाच्या इतिहासाचे एक जुने पान जोडलेले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ख्रिस्ती प्रवाशाने पूर्वेकडील बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'कल्लियाना' येथे इराणातून अभिषिक्त होऊन आलेला बिशप असतो, अशी नोंद त्याने केली आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरले, तर पोर्तुगीज गलबते या किनाऱ्याला लागण्यापूर्वी जवळजवळ हजार वर्षे या काळ्या दगडाच्या गावात ख्रिस्ती प्रार्थना होत होती.

डोंबिवलीहून गाडीने थोड्या वेळात पोहोचता येईल अशा अंबरनाथ येथे शके ९८२ मधील, म्हणजे इ.स. १०६० मधील शिवालय आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील हे मंदिर. तेथील खांबांवरची नाजूक वेलबुट्टी आणि मूर्ती पाहताना हा दगड एके काळी वाहत होता, हे मनाला पटत नाही. इतका कठीण खडक लोण्यासारखा कोरणाऱ्या कारागिरांची नावे मात्र कोणत्याही लेखात नाहीत.

पुढे १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्याच्या भूमीवर चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचे रक्त सांडले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दिमित्रियस हे ते चौघे रक्तसाक्षी. त्यांचे सहप्रवासी जॉर्डनस यांनी त्यांच्या देहांची काळजी घेतली आणि नंतर आलेले ओडोरिक यांनी त्यांचे अवशेष चीनपर्यंत नेले. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा आरंभ साधारणतः १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेल्यापासून धरला जातो. तो त्यापूर्वीचा आहे, याची ही दुसरी साक्ष.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनीही बांधकामासाठी हाच दगड उचलला. वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या कमानी, साष्टीतील चर्चेस, १७३० मध्ये बांधण्यास घेतलेला ठाण्याचा किल्ला, या सर्वांत ज्वालामुखीचा खडक आहे. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यात तर शिवालय आणि फ्रान्सिस्कनांचे चर्च एकाच कातळाने आपल्या पोटात आळीपाळीने वागविले. वसईच्या दगडाची कीर्ती एवढी होती की, तो समुद्रमार्गे गोव्यास नेला जाई. गोव्यातील जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र. कोरीव कामाला तो पुरेसा पडेना. १५९४ साली बांधण्यास आरंभ झालेल्या आणि १६०५ साली अभिषेक झालेल्या जुन्या गोव्याच्या 'बॉम जेझू' बॅसिलिकेच्या दर्शनी भागातील काळ्या दगडाचे काम वसईकडून आणलेल्या पाषाणाचे आहे. जेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह विसावला आहे, त्या मंदिराच्या दाराशी आपल्या कोकणातील विझलेला अग्नी उभा आहे.

संत झेवियर आणि मोरोचा डोंगर

संत झेवियर यांचे नाव येथे केवळ दगडासाठी आलेले नाही. जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती वस्त्यांना भेट देऊन त्यांविषयी लिहून ठेवणाऱ्या आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी ते एक होत. १५४६ साली ते आजच्या इंडोनेशियातील हल्माहेरा बेटाच्या उत्तर भागात गेले. त्या काळी त्या प्रदेशाला मोरो म्हणत. तेथील ख्रिस्ती लोकांना कित्येक वर्षे धर्मगुरू नव्हता. तेथे जाऊ नये, जीवाला धोका आहे, असे मित्रांनी त्यांना विनविले होते. ते गेले आणि सुमारे तीन महिने तेथील वस्त्यांतून फिरले.

२० जानेवारी १५४८ रोजी कोचीनहून रोममधील आपल्या बांधवांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या भूमीचे वर्णन केले आहे. तेथे एक डोंगर सतत अग्नी आणि राख ओकतो आणि जमीन वारंवार हादरते, असे ते सांगतात. वारा जोराचा असला की शेतातून परतणारी माणसे राखेने इतकी माखलेली असतात की, चेहऱ्यावर केवळ डोळे, नाक आणि तोंड दिसावे. रानडुकरे मरून पडतात, किनाऱ्यावर मासे मेलेले आढळतात, असे त्यांना तेथील लोकांनी सांगितले. संत मायकल यांच्या सणाच्या दिवशी ते मिस्सा अर्पण करीत असता भूकंप झाला आणि वेदी कोसळते की काय, अशी भीती त्यांना वाटली. हे सारे काय आहे, असे लोकांनी विचारले, तेव्हा त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी तो नरकाचा अग्नी असल्याचे उत्तर दिले.

आज हे उत्तर कोणी देणार नाही, आणि सोळाव्या शतकातील माणसाकडून भूशास्त्राची अपेक्षा करणे हाही अन्यायच होईल. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. ज्या भूमीला लोक भीतीची भूमी म्हणत, तिला त्यांनी त्या पत्रात देवावर आशा ठेवण्याची बेटे म्हटले. त्या अग्नीचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. पण त्या अग्नीपाशी राहणाऱ्या माणसांना सोडून ते निघून आले नाहीत. त्याच बेटावरील दुकोनो हा ज्वालामुखी १९३३ पासून धगधगतो आहे, आणि त्याच्या आसपास गावे आजही नांदत आहेत.

लोक अशा ठिकाणी का राहतात, हा प्रश्न आपणांस पडतो. फिलिपाईन्समध्ये १ फेब्रुवारी १८१४ रोजी मेयॉनचा उद्रेक झाला. कागसावा गावचे लोक चर्चमध्ये आश्रयाला धावले आणि शेकडो जण मृत्युमुखी पडले. आज तेथे घंटाघराचा मनोरा तेवढा उभा आहे. तरीही त्या डोंगराच्या उतारावर शेती चालूच आहे. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ रोजी मक्याच्या एका शेतातच पारिकुतीन हा ज्वालामुखी जन्मला. पुढे त्याच्या लाव्ह्याखाली सान हुआन गावचे चर्च गाडले गेले. मनोरा आणि वेदी मात्र वाचली. गावकऱ्यांनी आपली पूज्य क्रूसमूर्ती खांद्यावर घेतली आणि दूर जाऊन नवे गाव वसविले. अग्नी जी राख देतो, तिच्यातूनच कसदार जमीन तयार होते. देशावरची कापसाची काळी जमीन काय किंवा आपल्याकडील भाताची खाचरे काय, या लाव्ह्याच्याच झिजेतून आलेली माती आहे. रोजच्या भाकरीची ओढ उद्याच्या भयापेक्षा बलवत्तर असते, एवढाच त्याचा अर्थ.

मोरोचे ते पत्र लिहून झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, १५४८ च्या आरंभी, संत झेवियर गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटण्यासाठी वसईस आले. ज्या जमिनीवर त्यांनी तेव्हा पाय ठेवला, तीही एके काळी मोरोच्या डोंगरासारखीच पेटलेली होती, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभवच नव्हता.

वज्रेश्वरीचे ऊन पाणी

भूमीच्या पोटातील उष्णता आजही हाताला लागावी असे ठिकाण आपल्या जिल्ह्यात आहे. कल्याण किंवा ठाण्याहून भिवंडीमार्गे आंबाडीला जावे आणि तेथून वज्रेश्वरीचा रस्ता धरावा. पश्चिमेला तुंगारेश्वराची रांग दिसते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरे लागतात, आणि तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावे जवळजवळ येतात. नदीच्या पात्रात आणि काठावर ठिकठिकाणी उन्हाळी आहेत. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांना लोक हाच शब्द वापरतात. सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, लक्ष्मण अशी कुंडांची नावे आहेत. पाणी साधारण पन्नास अंशांच्या आसपास तापलेले असते. आम्ही गेलो तेव्हा कडेला बसून प्रथम टाच, मग पाऊल, मग पोटरी असे हळूहळू पाण्यात सोडणारी म्हातारी माणसे आम्हांला दिसली. गंधकाचा मंद वास येत होता. सांधेदुखी, संधिवात, त्वचेचे विकार यांवर गुण येतो, या विश्वासाने पिढ्यान्‌पिढ्या लोक येथे येत आले आहेत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही या झऱ्यांची दखल घेतली आहे.

या पाण्याविषयी दोन कथने आहेत. देवीने राक्षसांचा संहार केला आणि त्यांचे रक्त झऱ्यांच्या रूपाने उसळले, हे एक. कुंडाच्या काठी फुले आणि नारळ विकणाऱ्या बाया ते आपणांस सांगतील. दुसरे कथन शास्त्राचे. डोंगरात पडलेला पाऊस खडकांच्या फटींतून खूप खोल जातो. खोलीबरोबर भूगर्भातील उष्णता वाढत जाते. तेथे ते पाणी तापते आणि तडकलेल्या खडकांतून वाट काढीत पुन्हा वर येते. म्हणजे हे झरे ज्वालामुखीचे उरलेसुरले निखारे नव्हेत. ज्या भेगांतून आणि तड्यांतून ते वाट काढतात, त्या मात्र या लाव्ह्याच्या प्रदेशाला बसलेल्या ताणांच्या आहेत. पालघर जिल्ह्यातील कोकनेर, हालोली, सातिवलीपासून थेट रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत, समुद्राला समांतर अशी ही उन्हाळ्यांची माळ तीनशे किलोमीटरहून लांब आहे. मघाशी सांगितलेला वाक आणि त्याजवळचे तडकलेले खडक याच पट्ट्यात येतात.

झऱ्यांच्या शेजारी राहणारी माणसे कोण? आगरी, कुणबी, वारली, कातकरी अशा जुन्या वस्त्या. देवस्थानावर उपजीविका असणारे पुजारी आणि दुकानदार. १९६१ मध्ये समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांमुळे गणेशपुरीस आलेले देशोदेशीचे साधक. मोरोचे गावकरी डोंगराच्या भीतीत राहत. येथील माणसे मात्र भूमीच्या उष्णतेवर पोट भरतात. पाणी आटले, तर खानावळी बंद पडतील, एवढीच त्यांची भीती.

एक युद्ध, दोन आठवणी

वज्रेश्वरीचे मंदिर ज्या टेकडीवर आहे, ती मंदागिरी. ज्वालामुखीच्या उद्रेकातून ती उभी राहिली, असे तेथे सांगतात. बावन्न पायऱ्या चढून वर गेले, की किल्ल्यासारखा तट आणि आत देवीचे मंदिर लागते. देवीचे मूळ स्थान उत्तरेस गुंज येथे होते आणि पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाल्यामुळे तिला येथे, वडवलीस, आणले गेले, अशी परंपरा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी या देवीला नवस केला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडण्यासाठी सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी मंदिर बांधले गेले.

आपल्या समाजाच्या स्मरणात हेच साल वेगळ्या रंगाने कोरलेले आहे. १७३७ मध्ये ठाणे गेले, दोन वर्षांनी वसई गेली. मठ ओस पडले, युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि साष्टीतील उरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा सांभाळ येथल्याच धर्मगुरूंनी हलाखीत केला. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या; भीमाशंकरी, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि वाईजवळील मेणवलीस त्या आजही दिसतात. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना आपल्यापैकी एखाद्याच्या मनात ही आठवण जागी झाली, तर ते अनैसर्गिक नाही.

पण इतिहास अर्धाच वाचण्याचा हक्क कोणालाही नाही. गुंजचे देऊळ ज्यांनी मोडले, ते आपल्याच धर्माचे नाव घेत होते. वसईचा विजय ज्यांनी साजरा केला, त्यांच्या मनात त्या मोडलेल्या देवळांचे शल्य होते. ज्यांची चर्चेस गेली, ते शेतकरी आणि कोळी यांपैकी कशालाही जबाबदार नव्हते. टेकडीवरचे मंदिर आणि ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळचे संत जॉन बाप्तिस्ता यांचे चर्च, ही दोन्ही एकाच पाषाणाच्या मुलुखात उभी आहेत. माणसे येथे एकमेकांशी लढली. पण दोन्ही पक्षांचे दगड एकाच अग्नीतून आलेले होते.

भूमीचे कंप

मग हा अग्नी पुन्हा जागा होईल काय? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाचे लहानमोठे हजारो धक्के बसले. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. कित्येक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. जमिनीखाली ज्वालामुखी तर नाही ना, अशी शंका त्या वेळी अनेकांच्या मनात येणे साहजिक होते. त्याचे उत्तर नाही असेच आहे. ज्या घडामोडीने येथे लाव्हा आला, ती कोट्यवधी वर्षांपूर्वी संपली. खडकांतील जुने तडे मात्र अजून आहेत, आणि ताण साचला की ते सरकतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने या काळ्या पाषाणाच्या प्रदेशाला हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकविला. किल्लारीस माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. आपल्या पूर्वजांना आसरा देणारा दगड निष्काळजीपणे रचला तर जीवही घेतो. डोंबिवली-कल्याणमध्ये एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींत राहणाऱ्यांनी, घर घेताना केवळ स्टेशनपासूनचे अंतर न विचारता बांधकाम कसे आहे हेही विचारावे, असे आम्हांस वाटते.

आपले देणे

या भूमीवर आलेल्या प्रत्येक समाजाने दगड काढला. परंतु गेल्या काही दशकांत तो ज्या वेगाने निघतो आहे, तसा पूर्वी कधीच निघाला नव्हता. मुंब्रा, शीळ आणि कल्याणच्या परिसरात डोंगरांची अंगे खाणींनी उघडी पडली आहेत. सुरुंग लावून फोडलेला हा कातळ खडी होऊन आपल्या इमारतींत, रस्त्यांत आणि रुळांखाली जातो. सुतकी आणि पहार घेऊन दगड फोडणाऱ्या वडार कुटुंबांची मुले त्याच धुळीत वाढली. अंबरनाथच्या शिल्पकारांप्रमाणे त्यांचीही नावे कोठे लिहिलेली नाहीत. डोंगर गेला की पावसाचे पाणी जिरण्याची जागा जाते, उतार ढासळतात, आणि डोंगराच्या कुशीत झोपड्या बांधून राहणारी गरीब माणसे पावसाळ्याच्या रात्री जीव मुठीत धरून जागतात. ज्वालामुखी विझल्यानंतर सहा-साडेसहा कोटी वर्षांनी त्याच्या डोंगराचे भय पुन्हा निर्माण झाले. आणि ते माणसाने केले.

उन्हाळ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. कुंडांना सिमेंटचे काठ आले, ते एक वेळ ठीक. परंतु साबणाचे कागद, शांपूच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या नदीच्या पात्रात पडलेल्या दिसतात. ज्या पाण्याला कोणी देवीचे मानते, कोणी औषधाचे, त्याची ही अवस्था दोघांनाही शोभणारी नाही.

"तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाकडे आता पुन्हा वळू. कान्हेरीला दान देणारा कल्याणचा व्यापारी, अंबरनाथचा पाथरवट, ठाण्याचे रक्तसाक्षी, वसईहून गोव्यास दगड नेणारा तांडेल, मंदागिरीवर नवस फेडणारा सुभेदार, पारसिकचा डोंगर पोखरणारा मजूर, या सर्वांना या भूमीने समान आधार दिला आणि कोणालाच तिने आपला दाखला मागितला नाही. येथे सर्वांत आधी आला तो अग्नी. त्याच्यापुढे आपण सगळेच काल आलेले. ज्याला या भूमीचा इतिहास ठाऊक आहे आणि जो तिची राखण करतो, तो येथला, असे मानण्यास हरकत नसावी.

यासाठी एक छोटी सूचना करून हा लेख पुरा करतो. आपल्या धर्मग्रामांतील धर्मशिक्षणाच्या वर्गांची आणि युवक मंडळांची सहल दरवर्षी कोठे ना कोठे जातेच. एखाद्या वर्षी ती जलक्रीडेच्या बागेत न नेता सकाळी अंबरनाथला, दुपारी वज्रेश्वरी-अकलोलीस आणि परतताना ठाण्याच्या जुन्या चर्चला न्यावी. तिन्ही ठिकाणचा इतिहास सांगणारा एखादा शिक्षक बरोबर घ्यावा. आणि निघताना कुंडाच्या काठावरचा कचरा गोळा करण्यासाठी दोन रिकामी पोती घेऊन जाण्यास विसरू नये.